रश्शासमोर टिकणारी वाइन

माझ्या मेहुण्याइतका जिभेचा वेडा माणूस अख्ख्या बोरीवलीत मिळायचा नाही, आणि दुसरा मिळालाच तर दोघं भांडून मरतील. मी सातवीपर्यंत शिकलेला, मला नटवून लिहिता येत नाही. पण ह्याला नटवायची गरजच नाही. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षं जहाजावर साहेबलोकांना जेवण वाढलं, इटलीच्या बंदरांवर उतरून वाइन प्यायला शिकला, आणि निवृत्त झाल्यापासून आम्हाला छळतो. चहा पिण्याआधी कपात नाक घालतो. लग्नाच्या पंगतीत सोलकढी तोंडात घोळवून आचाऱ्याला बोलावतो, "कोकमाचं आगळ गेल्या वर्षीचं ना रे?" आचारी मान खाली घालतो, हा फुशारकीनं चहूकडे बघतो, आणि आम्ही आपले ताटात बघतो.

बायको जाऊन आठ महिने झाले होते. आमच्यात माणूस गेलं की माहेरच्यांनी तिखटाचं जेवण घालून दुखवटा सोडवायचा असतो. मी सोडवूच दिला नाही. ती नाही आणि मी मटण खाऊ? वरणभात गिळायचा आणि पडायचं. दर रविवारी हा विचारायचा, मी हाकलायचो. मग एका दुपारी तीन बाटल्या काखोटीला मारून, हातात पिशवी घेऊन दारात उभा.

"भावोजी, जेवण कधी ते तुम्ही ठरवा. वाइन आज ठरवायची."

"मी जेवणारच नाही, तर वाइन कुणाला पाजतोस?"

"ते नंतर बघू. आधी तीन पातेली द्या."

तिन्ही वाइन इटलीच्या, तांबड्या, दोन-तीन जातींच्या द्राक्षांचं मिश्रण केलेल्या. पातेल्यांत ओतून त्यानं त्या पंख्याखाली ठेवल्या. वारा लागला की मोकळी होते म्हणे. मग खालच्या मजल्यावर जाऊन शेजारणीला सांगून आला, "वहिनी, तासभर बोंबील तळू नका, वासाचा घोटाळा होतो." ती बिचारी गॅस बंद करून वर बघायलाच आली!

"मिश्रण म्हणजे आपला मसालाच समजा," हा आम्हा दोघांना शिकवायला लागला. "बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, धणे अंगाला. कुणी कुणाचा गळा धरायचा नाही." पहिली चाखली. "नुसती गोडबोली. रस्सा दिसला की पळून जाईल." दुसरी चाखली. "लाकूड चावल्यासारखी." तिसरी तोंडात घेतली आणि खुर्चीतून ताडकन उठला. "आली! आली! भावोजी, हिला कणा आहे!"

मीही घोटभर घेतली. कच्च्या काजूबोंडासारखी जीभ धरली तिनं.

"तुरट आहे रे मेल्या!"

"तुरटच पाहिजे! मटणाची चरबी धुऊन काढते ती. पण रश्शाबरोबर चाखल्याशिवाय पक्कं नाही होत." असं म्हणून त्यानं पिशवीतून मटण-वड्यांचा डबा काढला. झाकण उघडलं आणि वास घरभर पसरला. तो वास मी चाळीस वर्षं ओळखतो.

"मसाला तिचा?"

"ताईनं मे महिन्यात बरणी भरून दिली होती. आज तळ खरवडला. संपला." मग घसा खाकरून म्हणाला, "मला डॉक्टरनं मटण बंद केलंय. तुम्ही नाही चाखलंत तर ठरणार कसं?"

खोटारडा! मिशीला रस्सा लागलेला होता. शेजारीण तोंडाला पदर लावून हसत खाली गेली. मी डब्याकडे बघितलं. पुढच्या खेपेला हा मसाला कुणाकडेच असणार नव्हता. वडा मोडला, रश्शात बुडवला, वरून घोट घेतला. काय सांगू! तिखट अंगावर आलं, वाइननं त्याला अडवलं, आणि दोघं मिळून पोटात उतरली. डोळ्यांतून पाणी. तिखटाचं म्हणा.

"पास?" हा ओरडला.

"पास!"

तो टाळ्या पिटत घरभर नाचला. दम लागल्यावर बसला, तेव्हा मी विचारलं, "हिला आवडली असती का रे?"

"ताईला? तिनं आधी दोन चमचे साखर घातली असती."

आम्ही दोघं खो खो हसलो. मग तो पाठ फिरवून एक कोरडा ग्लास बराच वेळ पुसत राहिला. डब्यात रस्सा उरला होता, तो वाढून घेतला.