डबीच्या झाकणाएवढं

अटलांटापासून दीड तासावरच्या मेकन गावातल्या निम्म्या बायकांची डोकी ओझेला स्टर्डिव्हंटने वरून पाहिली होती. परसातली एक खोली, एक खुर्ची, एक बेसिन, कुरळे केस सरळ करायला गॅसवर तापणारा लोखंडी कंगवा आणि पस्तीस वर्षं न आटलेल्या गप्पा, एवढा तिचा संसार. कुणाचा नवरा कुठल्या दारात दिसला, हे त्या खोलीत पोरीबाळींनाही ठाऊक. पण टाळूबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. एखादीच्या टाळूवर उघडा गोल दिसला, की ओझेला बाजूचे केस त्यावर ओढायची, चार पिना खुपसायची आणि म्हणायची, "बाई गं, राणी दिसतेस राणी!" बाई खूश, ओझेला गप्प. याला त्या खोलीत सभ्यपणा म्हणत. माझ्या मते निम्मा रोग तिथेच होता.

ओझेलाची स्वतःची टाळू विशीपासून खाजायची. "कोरडी झालीय, ग्रीस लाव," असं तिची आई ल्युटी म्हणायची, आणि ती ते दाट तेलकट मलम टाळूला चोळायची. चाळिशीत केस मुळापासून गेले. नुसते गेले नाहीत. तिथली कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली, बारीक छिद्रंसुद्धा बुजली. तिथे कधी केस होते असं वाटूच नये. त्या दिवसापासून ओझेला विगखाली राहू लागली. नवरा मेला, पण बायकोची टाळू काही त्याने पाहिली नाही.

टाळूवरचा गोल मोजायला तिने आईच्या ग्रीसच्या डबीचं झाकण ठेवलं होतं. दर ईस्टरला दाराला कडी घालून ते टाळूवर ठेवायचं आणि हातातल्या आरशात बघायचं. एरंडेल झालं, कांद्याचा रस झाला, आईचं गंधकाचं ग्रीस तर चालूच होतं. पंचावन्नाव्या वर्षी गोल बरोबर झाकणाएवढा झाला, तेव्हा ती गुपचूप अटलांटाच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी गोलाच्या कडेला सुया टोचल्या, मलम दिलं, गोळ्या दिल्या. पण ओझेला हट्टी. गोळ्या तिने फडताळात टाकल्या. डावीकडे दुखतं अशी थाप मारून सुया फक्त उजव्या कडेला घेतल्या, मलमही तिथेच लावलं, आणि डाव्या कडेला चोळलं आईचं ग्रीस. बघूया म्हणाली, कोण जिंकतं.

वर्षाने झाकण ठेवलं. उजवी कड होती तिथेच होती. डावीकडे झाकणाबाहेर बोटभर कातडी चमकत होती.

"गेलेलं परत कशाने येतं?" तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"कशानेच नाही. बुजलेलं मूळ पुन्हा उघडत नाही. सुई, मलम, गोळी, तिघांचं काम एकच. उरलेलं राखायचं."

"मग तिघांत चांगलं कुठलं?"

"जे लवकर सुरू होतं ते. घराण्यात उतरतं हे पुष्कळदा. मुली आहेत तुम्हाला?"

"नाही," ओझेला म्हणाली.

होती की! चांगली एकतीस वर्षांची, शाळेत शिकवणारी रेनिटा. पण मुलगी आहे म्हटलं, की तिला इथे आणावं लागणार, आणि तिच्यासमोर विग काढावा लागणार. या मार्चमध्ये रेनिटा खुर्चीत बसून म्हणाली, "आई, टाळू फार खाजते गं." ओझेलाने केस बाजूला केले. नाण्याएवढी जागा विरळ झाली होती. "कोरडी झालीय," ओझेलाच्या तोंडून आपसूक निघालं, "ग्रीस लावते." आणि तिने चार पिना खुपसल्या.

त्याच आठवड्यात ओझेलाच्या चर्चमधली जुनी मैत्रीण अर्लीन वारली. त्या चर्चची रीत अशी, की जिवंतपणी ज्या हाताने केस केले, त्याच हाताने शेवटचे करायचे. भर दुपारी ओझेला अंत्यविधीच्या घरी गेली, जिथे पेटीत ठेवण्याआधी मृतदेह सजवतात. खोलीत दोघीच, एक उभी, एक आडवी.

"चल अर्लीन," ओझेला नेहमीच्या सुरात म्हणाली, "आज तरी मान हलवू नकोस."

तिने डोकं लाकडी ठोकळ्यावर सरळ ठेवलं आणि पिना घ्यायला वळली. परत पाहते तर मान भिंतीकडे कललेली, टाळू थेट तिच्यासमोर. टाळूवर तोच गोल. ठोकळा निसटला असेल, असं म्हणून तिने डोकं सरळ केलं. कंगवा उचलेपर्यंत मान पुन्हा वळली. तिसऱ्यांदा तिने त्या गोलावर तळहात दाबून धरला. सकाळपासून थंडगार खोलीत ठेवलेलं ते डोकं, पण तेवढी जागा ताप भरल्यासारखी गरम होती.

ओझेलाने हात मागे घेतला. तेहतीस वर्षांपूर्वी याच टेबलावर ल्युटी होती. ल्युटीने हयातभर कुणाला डोक्याला हात लावू दिला नव्हता, म्हणून टोपी काढल्यावर आईचा गोल ओझेलाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला होता. ल्युटीची मानही अशीच वळत होती. तेव्हाही तिने ठोकळ्याला दोष दिला, पिना खुपसल्या आणि पेटी बंद करायला सांगितलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी रेनिटा सकाळीच आली. ओझेलाने कंगवा तापवला, हातात घेतला आणि खाली ठेवला. गॅस बंद केला.

"ऊठ. मी बसते."

"तुझं आज काय बिनसलंय?"

"ऊठ म्हटलं ना!" ओझेला खुर्चीत बसली, पाठ लेकीकडे केली आणि विग काढून मांडीवर ठेवला. तिला इतकी लाज वाटत होती, की डोळे मिटलेलेच होते. "बघ. नीट बघ."

मागून एक बोट त्या गोलाच्या कडेने फिरलं.

"म्हणजे ती तू होतीस?" रेनिटा म्हणाली.

"कोण?"

"शाळेतून आल्यावर माझा डोळा लागतो ना, तेव्हा पलंगाच्या कडेला एक बाई पाठमोरी बसलेली असते. महिना झाला. डोक्यावर अस्साच गोल. मी म्हणते, बाई गं, इकडे वळ. वळत नाही. नुसती मान खाली घालते, मला नीट दिसावं म्हणून."

ओझेलाचा हात डाव्या कानाकडे गेला. "तिचा हा कान कसा आहे?"

"वरून जळका. चुरगळलेला."

ओझेलाचे दोन्ही कान धड होते. जळका होता तो ल्युटीचा, सातव्या वर्षी तापल्या कंगव्याने भाजलेला. एकाही फोटोत तो दिसत नाही. टोपी कायम त्यावर ओढलेली. आणि रेनिटा जन्मली ती ल्युटीला पुरल्यावर दोन वर्षांनी.

"आई, अगं कोण आहे ती?"

"तुझी आजी. मी तोंड उघडेना, म्हणून तिला यावं लागलं."

ओझेला उठली. विग मांडीवरून खाली पडला, तो तिने उचलला नाही. उघड्या डोक्यानेच तिने अटलांटाला फोन लावला. पलीकडे डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा रेनिटाने आईचा हात घट्ट धरला होता.

"बाई, मागे मी खोटं बोलले," ओझेला म्हणाली. "मला मुलगी आहे."