पाणी आल्याचा आवाज

नंदाबाई गेली, हे मला साऱ्या गावानंतर कळलं, आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मला त्याचाच राग आला. मी तिची सख्खी धाकटी जाऊ, भिंतीला भिंत लागून घर. पण त्या दिवशी मी मंगरूळपीरला लेकीकडे होते, फोन चार्जिंगला लावलेला. हातात घेतला तर गावाच्या ग्रुपवर श्रद्धांजलीची रांग लागलेली. तिच्या छातीत कळ आली आणि वाशिमला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं... ते वाचता वाचता मनात आलं, मी गेले तर माझ्यासाठी कुणी इतकं लिहील का? महिना उलटला तरी तो प्रश्न काही जात नाही.

गावात मोठा फोन आधी माझ्याकडे आला, ग्रुपही मीच काढला. आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तेही विजेची लाइन असेल तेव्हा. मग घरटी एक बाई मजुरी बुडवून नळाकडे बघत बसायची, नाहीतर पोरीची शाळा बुडायची. मी ग्रुपवर छान शुद्ध मराठीत सूचना लिहायचे. पण वाचणार कोण? वावरात तण निंदणाऱ्या बायांचे हात मातीत. एक दिवस नंदाबाई शेजारी येऊन बसली. "सुमन, मले दाखव वं, बोलासाठी कुठं दाबा लागते?" मी दाखवलं. तिथून माझा ग्रुप तिचा झाला.

पंचायतीच्या शिपायानं व्हॉल्व्ह सोडला की पहिला फोन तिला, आणि तिचा बोलका निरोप लगेच ग्रुपवर. तिकडे सोयाबीनच्या वावराच्या बांधावर, धुऱ्यावरच्या बाभळीला एक फोन टांगलेला असायचा. घंटी वाजली की जवळची बाई बोट पुसून निरोप लावायची. तो बोलला की त्या दिवशी जिची पाळी, ती एकटी उठायची आणि साऱ्या गल्लीच्या पाण्याच्या गुंड्या, हंडे भरायची. बाकीच्यांचं निंदण चालूच. ही पाळीसुद्धा तिनंच लावली. पोरी रोज शाळेत जायला लागल्या. चांगलं झालं, मला काय दिसत नव्हतं? पण तालुक्याचे साहेब आले आणि शाल तिच्या खांद्यावर पडली. पेपरातल्या फोटोत माझा एक कान तेवढा आला. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा औषधपाणी माझ्याकडे, आणि त्या म्हणायच्या, "नंदाचा आवाज लाव वं." आवाज तरी कसा, फुटक्या डब्यासारखा! मी जळायचे... चुलीतल्या लाकडालाही इतकं जळता येत नसेल.

त्यात एकदा तिनं निरोप टाकला, "पानी आलं वं बायाहो! जिची पाळी तिनं धावा, बाकीच्यायनं हात चालू ठेवा. अन् सुमन, तू फोन ठेव अन् गुंडी घे!" गावभर हशा पिकला. मी बोलणं टाकलं. शेवटी तीच वाटीत ठेचा घेऊन दारात आली. "काहून फुगून बसली वं? तुहं नाव नाही घेनार तं कोनाचं घेऊ?" मी ठेचा घेतला, पण हसले मात्र नाही.

ती गेल्यावर शिपाई मला फोन करू लागला. आता माझी वेळ आली, असं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी घसा खाकरून बोलले, "सर्व भगिनींना कळविण्यात येते की नळास पाणी आलेले आहे." बाभळीवरचा फोन बोलला, पण वावरातून कुणी उठलं नाही. बायांना वाटलं, कुण्या कंपनीची जाहिरात आहे. साऱ्या गल्लीच्या गुंड्या कोरड्या राहिल्या. संध्याकाळी शेजारची शांताबाई म्हणाली, "तू बोलली तं पानी आल्यासारखंच नाही वाटलं, माय."

पुढच्या खेपेला मी तिचे जुने निरोप काढून बसले. एकात कुणाची म्हैस हरवलेली, एकात कुणाचं बारसं. कुठल्याही दिवशी चालेल असा एकच निघाला, माझं नाव असलेला. मेल्यावरही नंदाबाई, तूच! दातओठ खात तो पाठवला. वावरातली पाळीवाली पदर खोचून उठली. डोळे पुसत उठली, असं नंतर कळलं.

आता दर खेपेला तोच जातो. पाणी आल्याचं गावात सगळ्यांत आधी मला कळतं. तरी मी बसून राहते. निरोप पाठवते, मग स्वतःच लावून ऐकते. तो फुटका आवाज शेवटाला येतो, माझं नाव घेतो... आणि मी फोन ठेवते, गुंडी घेते.