उपटण्याआधी पानाची कड

लॉनवर पाणी उधळणं बंद करा, हे आमच्या पाणी वाचवा गटाचं नवं पत्रक. त्यासाठी परवा इच्छापोरच्या रोपवाटिकेत कमी पाण्यावर तगणारी झाडं बघत होते. युक्का नावाच्या, तलवारीसारख्या पानांच्या झाडाच्या पानाकडेला सुटलेला पांढरा धागा बोटाला लागला आणि मी मनानं थेट आमच्या जुन्या खोलीच्या दारात पोचले.

तिथल्या झाडाचा तस्साच धागा आई ओढून बोटाला गुंडाळत बसायची. झाड तिनंच लावलेलं. ती गेली त्याच वर्षी त्याला पांढऱ्या फुलांचा उंच तुरा आला. अप्पा म्हणाले, "घायपात शे. फुलनी, आते मरी." खानदेशात बांधावरची घायपात एकदाच फुलते आणि वाळून जाते, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. "परत मरतांना माले नही दखावाव," म्हणत, आणखी एक मरण पाहायच्या आधीच त्यांनी कुदळ घातली. मुळं मी ओढली.

घायपातीच्या कडेला काटे असतात, या युक्क्याच्या कडेला धागे. म्हणजे आमच्या दारात युक्काच होता. आणि युक्का फुलला म्हणून संपत नाही, पुन्हा फुलतो. धागा रोज आईच्या बोटाला होता, तरी आम्हा दोघांना दिसला नाही! याचा संताप कुणावर काढायचा?

पत्रकाची पहिली ओळ मी बदलली: उपटण्याआधी पानाची कड पाहा. छापून आल्यावर एक प्रत घरी आणली. अप्पाही आता नाहीत. मोठ्यानं वाचली, माझी मीच.