आधी पाणी, मग वस्तू

"पाणी पाज बापू आधी."

अनोळखी घराच्या उंबऱ्याशी पोचलं की याडी पहिल्यांदा हेच म्हणायची. विकायची स्कूटर अंगणात पुसून उभी केलेली असो की लॅपटॉप टेबलावर उघडून ठेवलेला असो, ती तिकडे बघायची नाही. खुर्ची पुढे केली तरी भिंतीला टेकून खाली बसायची आणि पाण्याची वाट बघायची. विकणारा गोंधळून आत जायचा. आम्ही आपले उभे.

ईशा, परवा फोनवर तू म्हणालीस, जुनी गाडी घ्यायची आहे, जाहिरात बघितली आहे, माणूस अनोळखी आहे, तर तुझ्या त्या पाणीवाल्या आजी काय काय बघायच्या? फोनवर मी तुला माझे नियम सांगितले. दिवसा जायचं. एकटीने जायचं नाही. वस्तू हातात येईपर्यंत काहीही पाठवायचं नाही. बिलावरचा नंबर आणि वस्तूवरचा नंबर जुळवून बघायचा. हे सगळं बरोबर आहे आणि ते तू करच. पण ते याडीचं नव्हतं. याडीचं लिहून पाठवते. तुझ्या भावालाही वाचायला दे.

गोरबोलीत, म्हणजे बंजारा लोकांच्या बोलीत, याडी म्हणजे आई. आमच्या शेजारच्या घरातली तिची मुलं-नातवंडं तिला याडी म्हणायची, म्हणून सगळी कॉलनी म्हणू लागली, दूधवालासुद्धा. यवतमाळला ती थोरल्या मुलाकडे राहायची. तो शाळेत शिक्षक. धाकटा महागावकडे तांड्यावर कापूस करायचा. याडी लहानथोर सगळ्यांनाच 'तू' म्हणायची, तुमच्या आजोबांनाही. मग मीही तिला तूच म्हणू लागले. मला ती मास्तरीणबाई म्हणायची. मी इंग्रजी शिकवत होते, याचं तिला शेवटपर्यंत हसू येत असे. "शिकवलं त्याईले, अन् बोलते कोणाशी?" असं विचारायची.

तिचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडायचे. बैल बाजारात घ्यायचा नाही, मालकाच्या दारी जाऊन खुंट्यावर बघायचा, हा त्यांच्या घरचा नेम होता. याडी सांगायची, "बजारात बैल उभा राह्यते. खुंट्यावर तो राह्यते." तोच नेम तिने फ्रिजला लावला, स्कूटरला लावला. फोनवर जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची साइट असते, तिच्यावर लिहिलेलं असे की विकणाऱ्याला चारचौघांत भेटा, त्याच्या घरी जाऊ नका. मी ते तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग बैल चोराचाच घेशीन तू."

कॉलनीत कुणाला जुनी वस्तू घ्यायची असली की आम्हा दोघींना बरोबर नेत. यंत्रातलं तिला काही कळत नव्हतं. तसं ती कबूल करायची. नंबर जुळवणं, वस्तू चालू करून बघणं, बिल मागणं माझ्याकडे. तिच्याकडे पाणी.

वणी रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही शेजारच्या मुलीसाठी लॅपटॉप बघायला गेलो होतो. नवा कोरा वाटत होता. विकणारा गोड बोलणारा. याडीने पाणी मागितलं, तो स्वयंपाकघरात गेला, आणि आम्हाला कपाटं उघडल्याचे आवाज येऊ लागले. एक उघडलं, मिटलं. दुसरं उघडलं. शेवटी तो चहाच्या कपात पाणी घेऊन आला. याडी दोन घोट प्यायली, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "येऊ आमी पुन्हा." जिन्यात मला म्हणाली, "घरात गिलास कुठी हाये, हे त्याले माहीत नाही. कोणाचं घर व्हय ते?"

एकदा मीच फसणार होते. फौजेतला अधिकारी, बदली झालेली, घरचं सगळं सामान विकायला काढलेलं, गणवेशातला फोटो आणि इतकं शुद्ध इंग्रजी की मला बरं वाटलं. वाहतुकीचा खर्च आधी पाठवा, म्हणाला. याडीने माझ्या हातातून फोन घेतला. "साहेब, आमी घरी येतो. पाणी पाजशीन न?" तिकडून फोन बंद झाला. तुमचे आजोबा दिवसभर हसत होते. आम्ही दोघी बाहेर पडलो की ते म्हणायचे, "निघाली चौकशी समिती."

आता ग्लासाचं सांगते. वस्तू पसंत पडली, माणसं खरी वाटली, की याडी ग्लास तळापर्यंत रिकामा करायची. मन घेत नसलं तर घोटभर पाणी ठेवायची. मी तिला कारण विचारलं होतं. घोट ठेवला म्हणजे परत यायचं आहे. रिकामा केला म्हणजे इथलं काम संपलं. माल पसंत पडला तर परत कशाला यायचं? आणि नसेल पडला, तर 'येऊ पुन्हा' म्हणून उठायचं, म्हणजे समोरच्याचा अपमान होत नाही. आमच्याकडे ती रोज दुपारी यायची आणि रोज घोटभर पाणी ठेवून जायची. आजोबा ते पाणी मोगऱ्याला घालायचे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळीने बोंडं पोकळ केली होती, आणि जो कापूस हाती आला त्याला भाव नव्हता. पूर्वी घरातली वस्तू विकायची तर गावाला, सोयऱ्यांना कळायचं. आता फोटो काढून लांबच्या माणसाला विकता येत होती. फोनवर रोज नव्या जाहिराती दिसायच्या. टीव्ही, मोटरसायकली, लग्नातली कपाटं. आम्ही घराघरांत जात होतो आणि खुंटे बघत होतो. सुरुवातीला मी घरी आल्यावर आजोबांना सगळं सांगायची. पुढे सांगायचं सोडून दिलं. सवय झाली होती.

त्याच हिवाळ्यात आजोबांना दवाखान्यात ठेवावं लागलं. छाती आधीपासूनच अधू होती. डॉक्टर म्हणाले, घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर घरी न्या, इथे ठेवून वेगळं काही करायचं नाही. नवं मशीन नागपुरात लगेच मिळत नव्हतं. तुमचा बाबा तिकडून फोनवर फोन करत होता. आजोबांचं एकच मागणं होतं. त्यांना आपल्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर झोपायचं होतं. मी गेले की ते विचारायचे, "आज?" मी म्हणायची, "आज नाही."

मला जाहिरात सापडली. मशीन केळापूरच्या बाजूच्या एका गावात होतं. विकणारा माणूस म्हणाला, गावात येऊ नका, पांढरकवड्याच्या पेट्रोल पंपावर मी ऑटोत घालून आणतो, तिथे प्लग आहे, चालू करून दाखवतो. माझे सगळे नियम त्यात बसत होते. दिवस, चारचौघं, चालू वस्तू. मी हो म्हणणार होते.

याडी म्हणाली, "खुंट्यावर पाहू."

"याडी, घाई आहे."

"घाईचंच तं मशीन हाये. बंद पडलं तं कोणाले बलावशीन?"

तिचं खरं होतं. मी पुन्हा फोन केला. शेवटी तो माणूस म्हणाला, या.

आम्ही गाडी करून गेलो. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता. भाव येईपर्यंत घरात ठेवतात तसा. दारातून आत जायला माणूसभर वाट ठेवली होती. त्या वाटेच्या टोकाशी खाट होती, खाटेवर एक म्हातारी होती, आणि मशीन तिच्या उशाशी घरघरत होतं. नळी तिच्या नाकात होती.

मला वाटलं होतं, जिच्यासाठी घेतलं ती व्यक्ती आता नसेल. अशी मशिनं तशीच विकायला निघतात.

"पाणी पाज बाई आधी," याडी म्हणाली आणि खाली बसली. सुनेने पाणी आणलं. पाण्यावर कापसाचा तंतू तरंगत होता, तो तिने बोटाने काढला.

मुलगा म्हणाला, "मायच म्हणते, इक. मी नाही म्हणत."

"मीच म्हणतो," म्हातारी म्हणाली. आवाज खणखणीत होता, फक्त शब्दाशब्दाला थांबत होती. "भाव नाही, तं हे पोरगं म्हणते कापूस इकून टाकतो. मातीत घालतं का? मशीन इक म्हटलं. उन्हाळा निघते त्याच्यात. कापूस राहू दे."

"माय, तुले दम लागते."

"कापूस थांबते. त्याले थांबाले काय लागते?" मग तिने माझ्याकडे पाहिलं. "कोणाले पाह्यजे?"

"माझ्या नवऱ्याला."

तिने नाकातली नळी काढली आणि माझ्याकडे धरली. "गालाले लावून पाहा. चालते."

मी नळी गालाला लावली. बारीक, गार हवा येत होती. मशीनची जाळी बघायची होती, ती मी काढून बघितली. कापसाने पांढरी झाली होती. बिल होतं, नंबर जुळत होता. मी नळी परत दिली. म्हातारीने ती नाकात बसवली आणि डोळे मिटले, श्वास जमवायला.

मी याडीच्या ग्लासाकडे बघितलं. तो रिकामा होता. तळापर्यंत.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पर्स मिटली आणि म्हणाले, "आम्ही कळवतो."

आम्ही गाडीत बसलो. दोन्ही बाजूंना शेतं होती, कीड लागलेल्या पऱ्हाट्या, कापसाची झाडं, उपटून ढीग लावलेले. मग याडी म्हणाली, "काहून नाही घेतलं?"

"तू तर ग्लास रिकामा केलास."

ती बाहेर बघत राहिली. "मले तहान लागली होती," म्हणाली.

दवाखान्यात आजोबांनी विचारलं, "आज?" मी म्हटलं, "मशीन मिळालं नाही." ते म्हणाले, "बरं." तुमच्या बाबालाही मी एवढंच सांगितलं होतं. नागपूरहून भाड्याचं मशीन मिळतंय असा फोन आला, तेव्हा आम्ही आजोबांना घरी आणलं होतं, पण ते पलंगावर नव्हते, ओसरीत होते, आणि माणसं जमलेली होती.

याडी तेव्हा रोज भाकरी आणि पिठलं घेऊन यायची, मी जेवेपर्यंत बसायची. दिवस झाल्यावरही ती दुपारी येत राहिली. पाणी पिऊन घोटभर ठेवून जायची. मोगऱ्याला आता मी घालत होते. एका दुपारी मी म्हटलं, "पंपावर भेटलो असतो, तर घेतलं असतं मी."

"घेतलं असतं."

"ते घरी आले असते."

"आले असते," याडी म्हणाली. तिने मला काही समजावलं नाही. मीही रडले नाही. आम्ही दोघी लसूण सोलत होतो, तो सोलून झाला.

उन्हाळ्यात ती जाहिरात पुन्हा दिसली. तेच मशीन, तोच नंबर. फोटोत मागची भिंत मोकळी होती, कापूस नव्हता. मी फोन याडीसमोर धरला. तिने तो लांब धरून बघितला, जवळ आणून बघितला.

"खाट नाही दिसत," म्हणाली आणि फोन परत दिला.

त्यानंतर ती कुणाबरोबर वस्तू बघायला गेली नाही. कॉलनीतली माणसं बोलवायला यायची. "तुमचं तुमी पाहा आता," म्हणायची. कुणी फसलं, कुणी नाही. मीही जाहिराती बघायचं सोडलं.

ईशा, तू गाडी बघायला जाशील तेव्हा ती जिथे रोज उभी असते तिथे जाऊन बघ. बरोबर कुणाला तरी ने. त्या घरचं पाणी माग. तिथे असं कुणी मागत नसेल, तरी माग. काय दिसेल ते मी सांगू शकत नाही. आणि दिसलं की मग ते दिसलेलंच राहतं, एवढं धरून जा.

पुढच्या वर्षी कापूस वेचायला आला, तेव्हा याडीचा धाकटा मुलगा तिला न्यायला आला. वेचणीला माणूस मिळत नव्हतं, सून एकटी होती. याडी महागावला गेली ती तिकडेच राहिली. पोळ्याच्या सुमारास ती गेल्याचा फोन आला, तोवर तिकडचं सगळं आटोपलंही होतं.

निघायच्या दिवशी ती माझ्याकडे आली होती. पिशवी दाराशी ठेवली, भिंतीला टेकून बसली. मी पाणी दिलं. "लेकरं येतीन तं सांगजो," म्हणाली, म्हणजे तुम्ही दोघं. "पऱ्हाटी पाहाले आणजो त्याईले." मी आणीन म्हटलं. बाहेर मुलाने मोटरसायकल सुरू केली. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, पदर सारखा केला आणि फाटकातून गेली. मोटरसायकलवर मागे, पिशवी मांडीवर घेऊन.

मी आत आले. मोगऱ्याला पाणी घालायचं म्हणून ग्लास उचलला. तो हलका लागला.

ऊन कडक होतं. तहान लागली असेल तिला.