ल्यूकच्या विरोधातली चिठ्ठी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. अनुजालाही नाही — आणि बायकोपासून लपवावं असं एरवी माझ्याकडे आहे तरी काय?

लंडनजवळ स्लाऊला आलो तेव्हा आइस हॉकी मी कधी पाहिलीही नव्हती. नागपूरच्या माणसाचा बर्फाशी संबंध उसाच्या रसापुरता! पण शेजारी ल्यूक राहायचा, इथल्या टीमचा कॅनेडियन गोलकीपर. त्याने एकदा मॅचला नेलं आणि मी कामातून गेलो. पुढे त्याचा शर्ट-स्पॉन्सरही झालो. इथे चाहते आवडत्या खेळाडूच्या जर्सीचा खर्च उचलतात; सीझन संपला की ती घामट जर्सी आपली.

त्या हिवाळ्यात खेळाडूंनी क्लबच्या मालकाविरुद्ध संप केला. मागणी साधी — खेळताना जायबंदी झालेल्याला सीझन संपेपर्यंत काढू नका. ल्यूकचाही गुडघा तेव्हा दुखावलेला होता. काढलं की क्लबने दिलेलं घर जातं, व्हिसा जातो. हे मला कोणी समजावून सांगायला हवं होतं का? मीही व्हिसावरच होतो.

मालक शनिवारी हौशी पोरं उतरवून मॅच खेळवणार होता. चाहत्यांनी बहिष्कार घालायचा का, यावर पबमध्ये गुप्त मतदान ठरलं. चिठ्ठ्या ल्यूकच्याच हेल्मेटमध्ये टाकायच्या. कोणी म्हणे, खेळाडू आहेत म्हणून क्लब आहे. कोणी म्हणे, करारावर सही करताना डोळे मिटले होते का? मी उठून ल्यूकच्या बाजूने बोललो. चांगलं बोललो, टाळ्या पडल्या. मग बसलो आणि चिठ्ठीवर लिहिलं — बहिष्कार नको.

का? मॅच बुडेल म्हणून? नाही. ऑफिसात मॅनेजरने माझ्या हक्काच्या सुट्ट्या खाल्ल्या, बढती दुसऱ्याला दिली, आणि व्हिसाच्या भीतीने मी कधी ब्र काढला नाही. आणि हा दुखऱ्या गुडघ्याचा माणूस सरळ मालकासमोर उभा राहतो? माझ्या पोटात दुखलं. मी गप्प बसलो, तर त्यांनीही बसावं — एवढंच होतं ते.

बहिष्कार थोडक्यात हुकला. शनिवारी रिंक भरली, संप फुटला, आणि काही दिवसांतच ल्यूकला नारळ मिळाला.

हीथ्रो विमानतळावर ल्यूकला आणि त्याच्या बायको-मुलीला मीच सोडलं. गाडीत त्याची बायको बाहेर बघत बसली होती. टर्मिनलवर बॅगा उतरवल्यावर ल्यूक मुलीला म्हणाला, “अंकलला थँक यू म्हण. सगळ्यांसमोर आपल्यासाठी बोलला तो.”

तिने येऊन माझ्या कमरेला मिठी मारली. मी “नो प्रॉब्लेम” म्हणालो, आणि ती मिठी घेतली.