ड्रॅगनचं तोंड भिंतीकडे

मी हातात तलवार घेतली ती काही शूर होते म्हणून नाही. अंगभर कपडे एकीलाच होते म्हणून.

नीट सांगते. कॉम्प्युटरवरचा खेळ आहे हा, इंटरनेटवरचा. कुठकुठली माणसं आपापल्या घरी बसून एकाच जंगलात हिंडतात, राक्षस मारतात, खजिने शोधतात. सुरुवातीला आपण कोण व्हायचं ते निवडावं लागतं. सुनेने पडद्यावर एकेक बाई उभी करून दाखवली. जादूवाली होती, तिचं पोट उघडं. धनुष्यवाली होती, तिची पाठ उघडी. जखमा बऱ्या करणारी त्यातल्या त्यात बरी, पण अनवाणी. मागे बर्फ पडतोय आणि ही अनवाणी! शेवटी एक आली, डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात. एका हातात दाराएवढी ढाल, दुसऱ्या हातात तलवार. म्हटलं, "ही घे. हिला निदान सर्दी तरी होणार नाही."

सून हसली, पण तोंडावर हात ठेवून. आमच्या घरात तेव्हा ती तशीच हसायची.

खेळाची वेळ आली ती माझ्या मनगटामुळे. मंडईच्या पायरीवरून घसरले. हातातला दुधी वाचला, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, आणि ते निघालं तेव्हा बोटं अशी ताठरलेली की पोळी लाटणं सोडा, पेपरचं पान उलटेना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक स्पंजचा चेंडू दिला. दिवसातून शंभर वेळा दाबा म्हणाल्या. चेंडू दाबत बसण्यासारखं कंटाळवाणं काम मी आयुष्यात केलेलं नाही. दहा झाले की मी फोनवर बोलायला लागायची आणि आकडा विसरायची. तेव्हा सून म्हणाली, "आई, हे खेळून बघता का? बोटं आपोआप हलतील."

ही सून यवतमाळची. लग्नाला पाच वर्षं झाली. आमचा मुलगा कंपनीच्या कामाने महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी, त्यामुळे कोथरूडच्या या फ्लॅटमध्ये बहुतेक आम्ही तिघंच: मी, ती आणि आमचे हे. हे बँकेतून निवृत्त झाले आणि आता पूर्ण वेळ शब्दकोडी सोडवतात. उरलेल्या वेळात मला बोलतात. सून बेडरूमचं दार लावून घरूनच ऑफिसचं काम करते. माझ्याशी तिचं बोलणं म्हणजे "हो आई" आणि "चालेल आई". मी आपली मैत्रिणींना सांगत असे, किती गुणाची आहे, पाच वर्षांत एकदा उलटून बोलली नाही. मला ते कौतुकाचं वाटायचं, काय सांगू!

तर खेळ. चिलखतवालीचं काम काय असतं ते मला आठवड्याभरात कळलं. पुढे जाऊन उभं राहायचं. राक्षसाला असं डिवचायचं की त्याने बाकी सगळे सोडून आपल्यालाच मारलं पाहिजे. तो आपल्याला मारण्यात गुंतला की मागचे लोक त्याला बाण मारतात, जादू करतात, आणि एक जण आपल्या जखमा भरत राहतो. डिवचायला खास एक बटण आहे. मी ते यांना मोठ्या कौतुकाने दाखवायला गेले.

कोड्यातून मान वर न करता म्हणाले, "त्यासाठी तुला बटण लागतं?"

बोटं मात्र सुटली हो. महिनाभरात मी पोळ्या लाटायला लागले आणि व्यायामाच्या बाईंनी माझं उदाहरण दुसऱ्या पेशंटला दिलं. मी चेंडूचं काही बोलले नाही. त्यांचं मन कशाला मोडा.

खरी गोष्ट पुढेच आहे. दर रविवारी सकाळी दहा वाजता सुनेची एक टोळी खेळायला जमायची. आठ जण, सगळे तिच्या भागातले, कोणी नागपूरचा, कोणी अमरावतीची, नोकरीसाठी पुण्यात आलेले आणि हिंजवडी-वाकडकडे विखुरलेले. सून त्यांची म्होरकी. आठ जणांनी मिळून एका गुहेतला ड्रॅगन मारायचा होता. त्या गुहेचं दार महिनाभरच उघडं असतं, आणि महिना संपत आला तरी त्यांच्या हातून तो मेला नव्हता. त्यात त्यांच्या चिलखतवाल्याला रविवारची ड्यूटी लागली.

शनिवारी सून टेबल पुसत होती. एकच जागा कितीतरी वेळ पुसत होती. मी विचारलं, काय झालं? आधी काही नाही म्हणाली. मग फडक्याकडे बघत म्हणाली, "उद्या शेवटचा दिवस आहे आई. ड्रॅगन पडला नाही तर दोघं जण दुसऱ्या मोठ्या टोळीत जाणार आहेत. ते गेले की बाकीचेही पांगतील. पुण्यात आल्यावर मला पहिली माणसं भेटली ती हीच."

मला जरा लागलंच ते. पहिली माणसं म्हणजे आम्ही नव्हतो का? पण मी गिळलं आणि म्हटलं, "मी येऊ का चिलखत घालून?"

रविवारी सकाळी कुकर भरून ठेवला, हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि कानांवर हेडफोन चढवले. सून तिच्या खोलीत. तिचा आवाज मला एकदा भिंतीतून यायचा आणि लगेच एकदा कानातून. टोळीने "नमस्कार काकू" म्हणून माझं स्वागत केलं. त्यातला जखमा भरणारा मुलगा नागपूरचा, तो म्हणाला, "काकू, तुम्ही फक्त समोर राहा जी. तुमच्या जिवाची काळजी माझ्याकडे."

ड्रॅगन म्हणजे आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीएवढा. मी ढाल पुढे धरली, बटण दाबून त्याला डिवचलं, तो माझ्यावर चालून आला. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात कानात नागपूरच्या मुलाचा आवाज आला, "मेलो, मेलो!" वरून पडलेला एक दगड त्याला लागला होता. आता मला सांगा, मागे पोर मेलो मेलो ओरडतंय आणि आपण पुढे ढाल धरून बसायचं? मी धावले त्याच्याकडे. पुढच्या क्षणी पडदाभर आग, आणि आठच्या आठ जण जमिनीवर आडवे.

"हरकत नाही," सून म्हणाली. "पुन्हा करू."

पुन्हा केलं. या वेळी अमरावतीची मुलगी किंचाळली. मी पुन्हा धावले. पुन्हा आग, पुन्हा सगळे आडवे.

मग कोणीतरी म्हणालं, "काकू, छान खेळता पण तुम्ही." पुण्यातच माझी सत्तरी व्हायला आली. या शहरात 'छान' कुठल्या सुरात म्हटलं की त्याचा काय अर्थ होतो हे मला चांगलं ठाऊक आहे. पण पोरं विदर्भातली, मनापासून म्हणत असतील असं मी ठरवलं.

पाच मिनिटं थांबू असं ठरलं. मी माझा आवाज बंद केला आणि कुकर गॅसवर चढवून, पाणी पिऊन आले. हेडफोन परत कानांवर चढवले तर टोळी आपसात बोलत होती. त्यांना वाटलं, मी अजून आलेली नाही.

नागपूरचा म्हणत होता, "ताई, सांगत काहून नाही तुम्ही त्याईले? त्या हलल्या की ड्रॅगन वळते आणि आग आपल्यावर येते."

आणि मग सून बोलली. आवाज तिचाच, पण मी तो कधी ऐकला नव्हता. मोकळा, मोठा, गावाकडचा.

"कसं सांगू बापा? सासू आहे ना माही! पाच वर्षांत मी त्यांना भाजीत साखर नका घालू एवढं नाही सांगितलं, आता ड्रॅगनचं काय सांगू?"

टोळी हसली. ती पण हसली, खळखळून. तोंडावर हात नव्हता हे मला भिंतीपलीकडूनही कळलं. मग म्हणाली, "जाऊ द्या. त्या हौसेनं आल्या आहेत. एक डाव अजून खेळू त्यांच्यासोबत. मग ज्याला जायचं त्यानं जा."

पाच वर्षं! रोज दोन वेळा गोड भाजी खात होती ती, आणि मी समजत होते की तिला आवडते. ड्रॅगनचंही तसंच. सात माणसांना माझी चूक माहीत होती आणि एकानेही सांगितली नव्हती. वयाचा मान म्हणून. मानापायी टोळी मोडायला निघाली होती, बाई.

मी आवाज चालू केला. "मी ऐकतेय हं."

असं चिडीचूप झालं की मला वाटलं लाईट गेले.

"साखरेचं नंतर बघू," मी म्हटलं. "आधी ड्रॅगनचं सांग. आणि स्पष्ट सांग, पाहुण्यासारखं नको."

मग ती सांगायला लागली, आधी चाचरत. ड्रॅगन मला बघत असतो. मी जिकडे जाईन तिकडे तो तोंड फिरवतो, आणि आग तोंडातून येते. म्हणून मी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, म्हणजे त्याचं तोंड भिंतीकडे राहील आणि बाकीचे त्याच्या पाठीमागे सुरक्षित.

"अगंबाई, म्हणजे नळीसारखं," मी म्हटलं. गॅलरीत झाडांना नळीने पाणी घालताना कोणी हाक मारली की मी नळीसकट वळते आणि हाक मारणारा भिजतो. हे तीनदा भिजलेत.

"अगदी तसंच!" सून म्हणाली. "कोणी कितीही ओरडलं तरी वळायचं नाही. कोणी मेलं तरी."

तिसरा डाव. भिंतीला पाठ, ढाल पुढे, बटण. ड्रॅगन आला. आग आली ती ढालीवर आणि भिंतीवर. मागे काय चाललंय ते मला धड दिसतसुद्धा नव्हतं, समोर नुसता जबडा. मग सुरू झालं. "मेलो जी, मेलो!" माझं बोट आपोआप पुढे जायच्या बटणाकडे गेलं आणि चिलखतवालीने एक पाऊल टाकलं.

"आई, काहून हलता जी!" भिंतीतून आणि कानातून एकदमच आलं. "उभ्या राहा ना एका जागी! तुम्ही नका येऊ, आमचं आम्ही बघतो!"

घरातल्या घरात माझ्यावर एवढ्या मोठ्याने कोणी ओरडलं त्याला चाळीस वर्षं तरी झाली असतील. यांनी कोडं खाली ठेवलं. मी पाऊल मागे घेतलं.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. आमच्याकडे तीनला गॅस बंद करतात, आणि तो मीच करते. तिसरी झाली. माझा जीव अर्धा स्वयंपाकघरात. चौथी झाली. "अहो, गॅस बंद करा," मी ओरडले.

"कुठलं बटण?" हे म्हणाले.

"जे चालू आहे ते!"

तिकडे नागपूरचा मेलो म्हणत होता तो मेला नव्हता. अमरावतीच्या मुलीने त्याला उठवलं होतं, माझ्याशिवाय. आत आपटलेल्या झाकणाचा आवाज आला, पण शिट्टी थांबली, माझ्याशिवाय. मी आपली उभी. ढाल पुढे, बोट बटणावर. ड्रॅगनची ताकद दाखवणारी लाल पट्टी बोटभर उरली, मग पेराएवढी, आणि मग तो टाकीएवढा प्राणी धाडकन कुशीवर पडला.

कानात सात माणसं एकदम ओरडली की कोण कोणाचा आवाज ते ओळखूच येत नाही. बेडरूमचं दार उघडलं आणि सून हेडफोनची वायर लोंबत ठेवून धावत बाहेर आली. तिने मला मिठी मारली आणि लगेच सोडून म्हणाली, "ओरडले मी तुमच्यावर."

"वेळेवर ओरडलीस," मी म्हटलं.

दोघं जण दुसरीकडे जाणार होते ते गेले नाहीत. पुढच्या रविवारी टोळी आमच्याकडे जेवायलाच आली. एवढ्या चपलांना दारात जागा नव्हती. भाजी सुनेने केली, तिच्या माहेरची, तिखटजाळ. मी सवयीने कढईशी गेले. तिचं मीठ घालून झालं होतं, रंग छान आला होता, पण माझा हात आपला साखरेच्या डब्याकडे.

ती वळलीसुद्धा नाही. पळीने भाजी हलवत म्हणाली, "आई, जागेवर."

मी ओट्याला पाठ लावून उभी राहिले. बाहेर नागपूरचा मुलगा यांना कोड्यात अडलेला शब्द सांगत होता, आणि तो चुकीचा होता, पण मी काही बोलले नाही.