नव्या तांदळाचा मेक्सिकन राईस

मैत्रिणींनो, दुपारपासून स्वयंपाकघरात पाऊल टाकायची हिंमत होत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

मुलीसाठी कुकरमध्ये मेक्सिकन राईस लावला होता. राजमा, मका, टोमॅटो आणि भरपूर तिखट; चीज नाही, तूपही नाही. जुना तांदूळ संपला होता, म्हणून कालच मिलवरून आलेला आमच्या गावाकडच्या, गोरेगावच्या शेतातला नवा घेतला.

शिट्टी ऐकून सासूबाई आत आल्या. "नवा तांदूळ काऊन घेतला वो? पयला घास वाडवडलायले ठेवा लागते."

"आता कुठं खाऊन राहिलो, आई? ठेवते न," मी हसून म्हटलं.

वाफ गेल्यावर झाकण मीच उघडलं. भाताच्या मधोमध खड्डा होता, चार बोटांनी घास उचलावा तसा.

"वाफेनं पडला असेल," मी म्हटलं.

सासूबाई वाकून बघत राहिल्या. "तुये सासरे असेच मधातून घ्यायचे. तिखट सोसत नव्हतं त्यायले. पाणी ठेव."

सासऱ्यांच्या हार घातलेल्या फोटोपुढे मी पाण्याचा पेला भरून ठेवला. मुलीला हाक मारून वळले, तर पेला रिकामा. सासूबाई अजून कुकरपाशीच उभ्या होत्या.

वाफेनं भात असा खचतो का? खचत असेल तर सांगा. आणि मग पाणी कोण प्यालं, तेही सांगा.